मांडीवर घेतलेला प्लग

लोह्याला संगमेश्वर मालकाच्या फोटोफ्रेमच्या कारखान्यात एका भिंतीला खिळा आहे. रोज सकाळी त्या खिळ्यावर सहा हिरव्या बांगड्या चढतात आणि संध्याकाळी उतरतात. बांगड्या केवळाबाईच्या. कासारणीकडून मुद्दाम सैल भरून घेतलेल्या, काढता-घालता याव्यात म्हणून. नवरा लिंबाजी धडधाकट, तीन एकर कसणारा, तरी बाई दिवसभर रिकाम्या हातांनी वावरते म्हणून गल्लीतल्या बायकांना पोटदुखी.

"केवळे, नवरा जिता असताना हात भुंडे?" एकीनं पाण्याच्या टाकीपाशी विचारलंच.

"हाव. भुंडा हात सांच्याला पुन्ना भरतो," केवळाबाई घागर उचलत म्हणाली. "तुटलेला कोनत्या कासाराकडं भरून आनू?"

लिंबाजीला यातलं काही नवं नव्हतं. तो खिळा त्यानंच येऊन ठोकला होता.

बारा वर्षांपूर्वी केवळाबाई इथं आली ती घासकामाला. पॉलिश पेपर घ्यायचा आणि लाकडी पट्ट्या घासत बसायचं, बायांचं काम ते. मशीन जहांगीर मिस्त्रीच्या हातात. गोल पात्याची, वरून खाली येणारी आणि डावी-उजवीकडं तिरकी फिरणारी मशीन. पट्टीची टोकं तिच्यावर तिरकी कापायची, तशा चार पट्ट्या जुळल्या की फ्रेम. काप केसभर चुकला तरी कोपऱ्यात फट पडते, आणि फट पडलेल्या फ्रेमीत कुणी आपल्या बापाचा फोटो लावत नाही. केवळाबाई घासता घासता बघत राहायची. एक दिवस जहांगीरचाचा म्हणाले, "नुसती बघून राहिली. ये, धर."

चाचांचं शिकवणं म्हणजे नेम. आधी प्लग काढलेला पाहिजे. मग पातं हातानं फिरवून बघायचं, दात फुटलाय का, हलतंय का. काटा पंचेचाळीस अंशांवर आणून खिट्टी आवळायची, पण काट्यावर भरोसा ठेवायचा नाही. दोन टाकाऊ तुकडे कापून जोडायचे आणि काटकोन बरोबर आलाय का ते गुण्या लावून बघायचं. पट्टी शिकंज्यात धरायची, हात पात्यापासून वीतभर लांब. पदर खोचलेला, डोळ्याला चष्मा. पात्यानं पूर्ण सूर धरला की मगच खाली आणायचं. काप झाला की बटण सोडायचं, आणि पातं जागेवर थांबेपर्यंत तसंच उभं राहायचं. मगच वर उचलायचं.

"मशीन रुकेपर्यंत हात न्हाई," चाचा म्हणायचे. "ती थोरली हाय. तिचं बोलनं सरू दे, मग आपन."

पात्यावर एक टोपी असते, गार्ड म्हणतात तिला. पातं खाली आणलं की ती आपोआप सरकते, वर नेलं की पुन्हा दातांवर येऊन बसते. रोज नेम पाळणाऱ्याचाही एखादा दिवस चुकतो. गार्ड त्या एका दिवसासाठी असतो.

चाचांचा तो दिवस चार वर्षांपूर्वी आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता ते किनवटला मेव्हण्याच्या किराणा दुकानात बसतात, आणि सदऱ्याच्या गुंड्या लावायला बायकोला, चांदबीला, हाक मारतात. त्यांच्यानंतर मशीन केवळाबाईच्या हातात आली. लोह्यात तिला आता केवळा मिस्त्री म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला कामाच्या नावानं ओळखू लागलं होतं.

कारखान्यात मात्र चाचांच्या बोटांची वेगळीच गोष्ट रुजली होती. त्या साली मालकाच्या घरात सुतक, म्हणून खंडेनवमीला मशीनची पूजा राहिली, मशीन कोपली. संगमेश्वरची आई पार्वतीबाई, जिला सगळे अव्वा म्हणतात, ती तर या गोष्टीनं पार हादरली होती. तेव्हापासून दर खंडेनवमीला ती स्वतः येते, हळदकुंकू वाहते, झेंडूची माळ घालते.

यंदा तिनं लाल नाडाही बांधला. मशीनच्या दांड्याला आणि गार्डाला मिळून सात वेढे, वर घट्ट गाठ. गार्ड काय असतो हे म्हातारीला ठाऊक नव्हतं. गार्ड उघडाच्या उघडा राहिला, पातं दात विचकून बसलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केवळाबाई मशीनपाशी आली, बघितलं, आणि खिळ्याकडं नेलेला हात तिनं मागं घेतला. बांगड्या हातातच राहिल्या.

"मालक, ही गाठ सोडायला सांगा अव्वाला."

संगमेश्वर मोबाईलमध्ये होता. शाळेच्या बक्षीस समारंभाच्या तीनशे फ्रेमी, दिवाळीच्या आत. "राहू दे की. उलट बरंय, रेघ नीट दिसती, काम पटापटा व्हतंय. पूजेचा नाडा हाय, दिवाळीपतूर सोडायचा न्हाई."

"मग दिवाळीपतूर मशीन बंद."

"केवळाबाई, जमत नसंल तर तिकडं घासकाम पडलंय. सुदर्शन बसंल मशीनवर."

काचा कापणारा सुदर्शन चाळिशीचा गडी. तो मान न उचलता म्हणाला, "मालक, माझं लगीन लई उशिरा झालंय. दहा बोटं लागतेत अजून."

केवळाबाईनं भिंतीतून प्लग उपसला, मशीनसमोर खाली बसली, आणि प्लग मांडीवर घेऊन त्यावर पदर टाकला. लेकराला घेऊन बसावं तशी.

"पूजेची गाठ मी तोडनार न्हाई," ती म्हणाली. "हळदकुंकू मीबी वाहिलंय. आन अशी उघडी मशीन मी चालू देनार न्हाई. घासकामालाबी जानार न्हाई. बसा आता."

तास गेला. दुसरा गेला. संगमेश्वरनं ओरडून बघितलं, गोड बोलून बघितलं. शेवटी त्यानं मोटारसायकल काढली आणि आईलाच घेऊन आला. देवाधर्माचं म्हातारीनं सांगितलं की बाई हलेल, हा त्याचा हिशेब.

अव्वा काठी टेकत आत आली. "का गं केवळे, माझ्या नाड्याचं वावडं आलं व्हय तुला? जहांगीरचं काय झालं ते इसरलीस? पूजा चुकली तव्हा."

चार वर्षं केवळाबाईनं ही गोष्ट ऐकून घेतली होती. पोटाला भिऊन ती गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्याची तिला मनातून चीड होती.

"अव्वा, पूजा चुकली म्हनून न्हाई," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "मी हितंच हुते, दोन हातांवर. गार्ड तारेनं बांधून ठिवला हुता. चाचांनी बटन सोडलं, घाईत पातं वर घेतलं आन तुकडा बाजूला करायला हात घातला. पातं फिरतच हुतं. गार्ड असता तर झाकलं असतं. आता तुमचा नाडा हाय तिथंच ती तार हुती."

"तार कुनी बांधली?"

"बांधली चाचांनी. आनून दिली तुमच्या लेकानं. काम उरकंना म्हनून."

सुदर्शनचं काच कापणं थांबलं. अव्वानं लेकाकडं बघितलं. "खरं हाय का रं?"

संगमेश्वर मोबाईलमध्ये बघू लागला. मोबाईल तर बंद होता.

म्हातारी मशीनजवळ गेली. "माझी गाठ मीच सोडीन," म्हणाली. बोटं वाकडी झालेली, गाठ पक्की. नखानं कोरायची, थांबायची, पुन्हा कोरायची. संगमेश्वर कात्री घेऊन पुढं झाला, तर तिनं काठी आडवी धरली. केवळाबाईही मदतीला उठली नाही. सात वेढे एकेक करून सुटले आणि गार्ड खट् करून दातांवर येऊन बसला.

अव्वानं नाडा केवळाबाईपुढं धरला. "आता कुटं बांधू सांग."

"तुमच्या लेकाच्या मनगटाला बांधा," केवळाबाई म्हणाली. "मशीनला कायबी बांधू नका, अव्वा. तिला माळबी नको."

ती उठली. झेंडूची माळ काढून तिनं खिडकीत ठेवली. बांगड्या उतरवून खिळ्यावर अडकवल्या. पातं हातानं फिरवलं, काटा लावला, दोन तुकड्यांसाठी पट्टी धरली, मग प्लग भिंतीत खोचला.

"सांजेपतूर साठ तरी झाल्या पायजेत," संगमेश्वर दारातून पुटपुटला. मनगटाला लाल नाडा होता.

केवळाबाईनं चष्मा चढवला. "व्हतील तेवढ्या व्हतील," म्हणाली, आणि बटण दाबून पात्याचा सूर लागायची वाट बघत उभी राहिली.