न आवळणारी गाठ

ती घटना आजही माझ्या डोक्यातून जात नाही. शहापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आमच्याकडे डोंगर, जंगल आणि धरणाचं पाणी. खाडीशी आपला संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण डोळखांबकडच्या पाड्यांवरची माणसं भातकापणी उरकली की कामाला बाहेर पडतात. अलीकडे त्यातले काही जण खाडीत पर्यटकांच्या बोटींवर जाऊ लागले होते. कांदळवनातून बोट फिरवायची आणि लोकांना पक्षी दाखवायचे, असा तो धंदा. जंगलात वाढलेल्या माणसाची नजर तिथे उपयोगी पडते.

एका शनिवारी सकाळची हजेरी चालू असताना खाडीकडचे एक वनाधिकारी ठाण्यात आले. कांदळवनात त्यांना चित्रबलाक मेलेला सापडला होता. हा गुलाबी पिसांचा, पिवळ्या चोचीचा मोठा करकोचा. त्याच्या पायात हिरवी नायलॉनची दोरी होती आणि तिचं दुसरं टोक तिवराच्या झाडाच्या मुळाला बांधलेलं. बोटमालकाने जबाबात आमच्या हद्दीतल्या एका माणसाचं नाव घेतलं होतं. बोटीवर कामाला आहे, जंगलातला आहे, पाखरं धरणं त्याच्या रक्तातच आहे, संध्याकाळी एकटाच चिखलात उतरतो, असं मालकाचं म्हणणं. दोन दिवसांपूर्वी तो न सांगता निघून गेला होता.

डोळखांबच्या नाक्यावरचा चहावाला माझा जुना खबरी. त्याला फोन लावला.

"आलाय सायेब, गुरवारी उतरला जीपमदून," तो म्हणाला. "पन तो तसला मानूस नाय हो."

खबऱ्याने खबर द्यावी, दाखला देऊ नये, असं मी त्याला सुनावलं आणि गाडी काढली.

पाड्यावर दोन पंच घेऊन घरझडती केली. आढ्याला खोचलेले, धुराने काळे पडलेले आठ-दहा फासे मिळाले. लाव्हे पक्षी धरायला लावतात तसले. मला तेवढं पुरलं. पंचनामा उरकला, माणसाला गाडीत बसवलं आणि दुपारी बाराला अटक दाखवली. म्हणजे रविवारी बाराच्या आत त्याला सुट्टीच्या कोर्टापुढे उभं करायचं होतं. गुन्हा वन्यजीव कायद्याखालचा, जामीन राहणारं कोणी नाही. एकदा आत गेला की पेरणीच्या आधी सुटणं कठीण, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

चाळिशीचा, काटक माणूस. माझ्या टेबलापुढे उभा होता.

"पक्षी तू बांधलास?"

"नाय."

"मग कोणी?"

तास गेला, दुसरा गेला. मी आवाज चढवला, समजावलं, पुन्हा चढवला. नोकरीत मी एक पाहिलंय, खोटं बोलणारा माणूस भरमसाट बोलतो. हा तर मोजून एक शब्द बोलत होता. पण ते फासे माझ्या डोक्यात इतके पक्के बसले होते की त्याचं गप्प राहणंही मला कबुलीच वाटत होतं. शेवटी वनाधिकाऱ्यांनी आणलेला दोरीचा फोटो मी त्याच्यापुढे आपटला.

"मग हा फासा कुणाचा?"

त्याने फोटो हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला. "ह्याला फासा बोलता, सायेब?"

माझ्या शिट्टीची दोरी टेबलावर पडली होती. ती त्याने विचारून घेतली, दोन वळसे दिले आणि माझ्या बोटात अडकवली. "वढा आता."

मी बोट ओढलं. दोरी अशी आवळली की बोट लाल झालं. हवालदार हसू दाबत भिंतीकडे बघू लागला.

"आमचा फासा वढला का आवळतो. पाखरू धरायचा तर तसाच पायजे. ह्या फोटूतली गाठ किती वढा, आवळायची नाय. पाय कापू नये, पाखरू जगावं, रोज एका जाग्यावर उबं ऱ्हावं, म्हनून मारलेली हाय ती."

"कोण मारतं अशी गाठ?"

त्याने माझ्या बोटातली दोरी सोडवली. मग खाली बघून म्हणाला, "माजे तीन भाऊबंद हायेत तिथं कामाला."

मला काय ते कळलं. मालकाचं नाव घेतलं तर त्यांची कामं जाणार होती. इतकी वर्षं नोकरी करून फोटो मी नीट पाहिलाच नव्हता, याची चीड आली. पण कोर्टात पुरावा लागतो, साहेबांचं मन वळलं एवढ्याने कोणी सुटत नाही. हातात एक सकाळ होती.

रविवारी सातला, भरतीच्या पाण्यावर बोट सुटणार होती. वनाधिकाऱ्यांना मालक ओळखत होता, म्हणून ते होडी घेऊन खाडीच्या आतल्या एका फाट्यात थांबले. मी साध्या कपड्यात, डोक्याला टोपी घालून पर्यटकांत मिसळलो. धक्क्यावर खुंटाला अडकवलेला बोटीचा दोर जाता जाता ओढून पाहिला. जोर लावला तरी फेरा होता तेवढाच राहिला, फोटोतलीच गाठ.

मालक स्वतः माइक घेऊन उभा. 'पक्षी दिसणारच' असा फलक बोटीवर रंगवलेला. चोर पकडला गेला म्हटल्यावर तो निर्धास्त होता. दोन्ही बाजूंना तिवरं, चिखलातून वर आलेली त्यांची मुळं, आणि बोटभर कॅमेरे. वाटेत खंड्या दिसला, तुतवारांचा थवा उडाला, बोट काही हळू झाली नाही. मग एका वळणाच्या अलीकडे इंजिनाचा आवाज एकदम उतरला. वळणापलीकडचं अजून काहीच दिसत नव्हतं.

"आता सगळे शांत राहा," मालक माइकवर कुजबुजला. "नशीब असेल तर..."

वळण घेतलं, आणि काठावर चित्रबलाक उभा. सगळे कॅमेरे पक्ष्याकडे वळले. मी मालकाकडे पाहत होतो. तो घड्याळ बघत होता.

"नशीब राहू द्या," मी उठून म्हणालो, "बोट थांबवा. पोलीस."

फाट्यातल्या होडीतून आलेला वनरक्षक गुडघाभर चिखलात उतरला आणि पक्ष्याखालून हिरवी दोरी उचलून दाखवली. गाठ तीच. त्याच दोरीचं रीळ बोटीच्या बाकाखाली मिळालं.

मालक मात्र भरभरून बोलला. आमच्या माणसाने दोन पक्षी संध्याकाळी कोयत्याने दोरी कापून सोडले होते, म्हणून तो डोळ्यांत सलत होता. तिसरा उधाणाच्या दिवशी सोडवायचा राहिला आणि बुडून मेला. तो पाहून आमचा माणूस काम सोडून घरी आला होता, आणि मेलेला पक्षी वन विभागाच्या हाती लागताच मालकाने त्याच्याकडे बोट दाखवलं. साडेअकराला मी कोर्टात पोचलो, अहवाल दिला आणि तो सुटला. मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

गुरुवारी त्याची माफी मागायला पाड्यावर गेलो. बोटी बंद झाल्या होत्या, भाऊबंदही परतले होते. त्याने अंगणात खाट टाकली. त्याची बायको चहा घेऊन आली.

"बाई, चूक माझी झाली," मी म्हणालो.

"ते सुटले, बरा झाला," ती म्हणाली. "पन सायेब, तुमच्या मानसांनी कनगी उलटी केली. बियाची नागली होती ती. धुळीत गेली. चार दिस झाले, निवडतेय मी."

दारातून आत सूप दिसत होतं आणि भुईवर पसरलेली नाचणी. झडतीच्या वेळी मी तिथेच उभा होतो, आणि मला आठवेना. लाज वाटली, चहा तसाच ठेवून मी उठलो.

ठाण्यात येऊन पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'धान्याची कणगी तपासली. काही मिळून आले नाही.' उरलेल्या दोन वर्षांत, झडतीत उपसलेलं सामान आमच्याच हातांनी जागच्या जागी भरल्याशिवाय मी पंचांच्या सह्या घेतल्या नाहीत. शिपाई कुरकुरायचे, पण भरायचे.