आत्याची अर्धी भाकरी

आमच्या आत्याच्या घरी ताटात तीन भाकऱ्या कधी पडत नसत. तीन वाढू नयेत हे सगळेच मानतात. बाकीच्या घरांत अशा वेळी तिसरीचा तुकडा मोडतात आणि वाढतात. आत्याला ते पटत नसे. दोन संपल्या की ती सरळ चारवर जायची. "तीन नाय वाढू. चार घे," असं म्हणेपर्यंत दोन्ही भाकऱ्या एकदम ताटात आलेल्या असायच्या. ताटावर आडवा हात धरावा, तर ती हात उचलून बाजूला ठेवायची आणि वाढायची.

मी सिन्नरकडच्या खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. बारावी तालुक्याला झाली, आणि पुढे कुठे राहायचं हा प्रश्न आला तेव्हा वडिलांनी मला देवळाली कॅम्पला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे आणून सोडलं. आत्याचे यजमान, म्हणजे माझे काका, लष्कराच्या एका मेसमध्ये स्वयंपाकी होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसभर शेकडो माणसांचं रांधून आलेला तो माणूस घरी आला की वरणभात खाऊन गप्प बसायचा. रांधायची आणि वाढायची सगळी हौस आत्याकडे होती. मी तीन वर्षं तिथे राहिलो. सकाळच्या बसने नाशिकला कॉलेजात जायचो, आणि बस चुकली तरी चालेल पण पोटात भाकरी गेल्याशिवाय ती मला दारातून सोडत नसे. "उपाशीपोटी डोक्यात काय शिरत नसतं, मास्तर," म्हणायची. मी शिक्षक व्हायच्या कितीतरी आधीपासून तिने मला मास्तर करून टाकलं होतं.

आज मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, गंगापूर रोडच्या बाजूला माझं घर आहे. हे तिच्यामुळे आहे असं मी मानतो. ते आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जी चूक झाली ती माझी होती, आणि ती मी तिच्याच बाबतीत केली. आत्या गेल्या ज्येष्ठात गेली.

त्याच्या आधीच्या श्रावणात डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघून सांगितलं की आता वजन कमी केल्याशिवाय इलाज नाही. साखर काठावर होती, जिना चढताना धाप लागत होती. त्यांनी मला आहाराचा सल्ला देणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. बाई कसल्या, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी होती ती. मला वाटलं होतं हे खाऊ नका, ते खाऊ नका अशी यादी हातात पडेल. तिने वेगळंच विचारलं.

"सर, पोट भरलं हे तुम्हाला कसं कळतं?"

ताट रिकामं झालं की जेवण संपतं, एवढंच मला माहीत होतं. आमच्याकडे ताटात टाकणं हा गुन्हा. वडील तर जेवण झाल्यावर ताटात पाणी घालून ते पिऊन टाकायचे. पोटाला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

तिने मला खुणा सांगितल्या. हळू जेवा. घास चावताना हात ताटाबाहेर ठेवा. पहिल्या घासाला जी चव लागते ती जेवताना हळूहळू उतरते, तिच्याकडे लक्ष द्या. मध्येच एक मोठा श्वास आपोआप येतो, तिथे थांबा आणि स्वतःला विचारा, अजून भूक आहे की नुसतं खावंसं वाटतंय. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. कुणी शिकवलं की उतरवून घ्यायचं, ही माझी जुनी सवय.

घरी दोन-तीन आठवड्यांत जमायला लागलं. अडचण रविवारची होती. दर रविवारी दुपारी मी आत्याकडे जेवायला जायचो; काका गेल्यावर ती एकटीच होती आणि आमच्याकडे राहायला यायला तयार नव्हती. त्या रविवारी तिने हुलग्याची शेंगोळी केली होती. मी दोन भाकऱ्यांवर थांबलो.

"काय झालं? मीठ जास्त पडलं?"

"नाही आत्या. पोट भरलं."

"दोन भाकरीत? तुझं? शेजारणीचं पोरगं खातं तेवढं."

मग मी तिला सगळं समजावून सांगितलं. साखर, धाप, त्या मुलीच्या खुणा. ती तोंडाला पदर लावून हसली. "आमच्या वेळेला भाकर संपली की पोट भरायचं. आता पोट भरलं की भाकर थांबवायची. बरंय बाबा तुमचं." मग जरा वेळाने म्हणाली, "मला बी शिकव. तू एकटा उपाशी उठणार आन् मी बसून खाणार, ते मला गोड लागायचं नाय."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं समोरासमोर बसून हळूहळू जेवायचो. घास चावताना हात ताटाबाहेर. ती मध्येच डोळे मिटून पोटाकडे लक्ष द्यायची आणि मला हसू यायचं. "आला का रे तुझा श्वास?" विचारायची. "माझा अजून बसस्टँडवरच हाय." त्या दोन महिन्यांतले रविवार आठवले की मला आजही बरं वाटतं, आणि लगेच वाटेनासं होतं.

दिवाळीच्या सुमारास ती माझ्याआधी थांबायला लागली. आधी दीड भाकरीवर, मग एका. मला तिचं कौतुक वाटलं. वर्गात एखादी साधी मुलगी हुशार मुलांच्या पुढे गेली की मी जसं म्हणतो, तसंच मी म्हणालो, "शाबास आत्या. तू तर माझ्या पुढे गेलीस." ती लाजली. शाळेत न गेलेल्या माणसाला शाबासकीची किती भूक असते, हे मला, निदान मला तरी, कळायला हवं होतं.

एकदा ती म्हणाली, "जरासं खाल्लं की हितं छातीपाशी आल्यासारखं होतं रे."

"तेच ते," मी म्हणालो. "तीच खूण. तिथेच थांबायचं."

ती थांबली. उरलेली अर्धी भाकरी तिने फडक्यात गुंडाळून ठेवली. 'तिथेच थांबायचं' हे वाक्य मी तिला म्हणालो, यात काही फरक करता येत नाही.

संक्रांतीला माझी बायको सोबत होती. आत्याच्या हातात काकांचं साखळीचं घड्याळ असायचं; ते गेल्यावर तिने ते कधी काढलं नव्हतं. तिचं मनगट जाड म्हणून साखळीला दोन कड्या जास्तीच्या बसवून घेतल्या होत्या. परत येताना स्कूटरवर मागून बायको म्हणाली, "अहो, आत्यांचं घड्याळ बघितलंत का? हात वर केला की कोपरापर्यंत जातंय."

"वजन उतरलंय तिचं. चांगलं आहे की."

"तुमचं उतरतंय तसं नाही हो ते. चेहरा बघा ना."

"या वयात हलकं असलेलंच बरं असतं," मी म्हणालो. ते मी कुठेतरी वाचलं होतं. आमच्या घरात आरोग्याचं, कागदपत्रांचं, शिक्षणाचं काहीही असलं की शेवटचा शब्द माझा असतो. मी शिकलेला ना.

होळीला पुरणपोळी केली होती तिने. एक तुकडा तिने तोंडात घातला आणि ताट बाजूला सारलं. मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं आणि ती उठून मोरीत गेली. आत उलटीचा आवाज आला. ती बाहेर येऊन भिंतीला टेकली तेव्हा मी तिच्याकडे कितीतरी महिन्यांनी नीट पाहिलं. ब्लाउजच्या बाह्या दंडांवर लोंबत होत्या. गळ्याखाली हाडं दिसत होती. दर रविवारी मी तिच्यासमोरच बसत होतो, पण बघत होतो ते तिच्या ताटाकडे.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. तपासणीला दोन-तीन दिवस लागले. सगळे रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टर तिला विचारत होते, "आजी, जेवण कधीपासून जात नाही?"

"जात नाय असं नाय. पोट लवकर भरतं."

"कधीपासून?"

तिने बोटांवर मोजलं. "दिवाळीच्या आधीपासून."

"मग घरी कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. ह्याला दर ऐतवारी सांगत होते. ह्यानंच तर शिकवलं मला, पोट भरलं की थांबायचं. शिकलेला हाय तो," आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात अभिमान होता. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कागदांत मान घातली.

जठरात गाठ होती. थोडंसं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं, हे तिचं लक्षण असतं, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी विचारलं, दिवाळीत आणलं असतं तर? ते म्हणाले, "तसं नक्की सांगता येत नाही." मी आजवर त्या वाक्याचे सगळे अर्थ लावून पाहिले आहेत. कुठल्याच अर्थाने सुटका होत नाही.

ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नव्हतं. तिला आम्ही गंगापूर रोडला आमच्याकडे आणलं. आता ती नाही म्हणाली नाही. पहिले काही दिवस मी तिला चमच्याने पेज भरवायचो आणि आग्रह करायचो. "अजून एक आत्या. हा एवढाच." तिने आयुष्यभर मला केला तसाच आग्रह. ती ओठ मिटून वाटीवर आडवा हात धरायची. एकदा मी तो हात बाजूला ठेवून चमचा पुढे केला, आणि तिने माझ्यासाठी तो घास गिळला आणि पाच मिनिटांत ओकली. त्यानंतर मी तिच्या हाताचं ऐकायला लागलो. दोन चमचे तर दोन चमचे. पोट भरल्याची खूण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर कशी येते, ते मला तेव्हा कळलं. कपाळावरची शीर ताणली जाते आणि नजर वाटीवरून दुसरीकडे जाते. ही खूण दिवाळीपासून तिच्या चेहऱ्यावर असणारच.

एका दुपारी ती म्हणाली, "मास्तर, तुझ्या त्या मॅडमला सांगू नको हां."

"काय?"

"माझं असं झालं ते. लहान पोरगी हाय, मनाला लावून घेईल. तिचं काय चुकलं नाय. तिनं तुला सांगितलं होतं, मला नाय."

"नाही सांगणार," मी म्हणालो. मग म्हणालो, "आत्या, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं," ती म्हणाली. "तू जेवलास का?"

जेवलो नव्हतो. तिने मला ताट तिथेच, पलंगाजवळ आणायला लावलं. मी खाली बसून जेवलो आणि ती कुशीवर वळून बघत राहिली. दोन पोळ्या झाल्या.

"बास?"

"बास."

"अजून एक घे. माझ्यासाठी."

बायकोने पोळी आणली. ताटात पडायच्या आत आत्या म्हणाली, "तीन नको. तुकडा मोड तिचा." चार घे म्हणण्याइतकी ताकद आता तिच्यात नव्हती. मी तुकडा मोडला. त्याचं काय करायचं ते मला कळेना. तिने हात पुढे केला, मी तो तिला दिला, आणि तिने तो तोंडात ठेवला. चावला नाही, गिळला नाही, नुसता धरून ठेवला. माझी पोळी संपेपर्यंत ती तशीच माझ्याकडे बघत होती. मग मी हात पुढे केला आणि तिने तो ओला तुकडा माझ्या तळहातावर परत ठेवला.

"चव हाय अजून," म्हणाली.

त्यानंतर ती अकरा दिवस होती.

या श्रावणात त्या मुलीकडे पुन्हा गेलो. डॉक्टरांनीच पाठवलं, वर्ष झालं म्हणून. मी काट्यावर उभा राहिलो. तिने आकडा वाचला, जुन्या कागदाशी ताडून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. जेवढं सांगितलं होतं त्याहून जास्तच उतरलं होतं. मला वाटलं, आता ही शाबास म्हणेल. तो शब्द ऐकायची माझी तयारी नव्हती.

पण ती थांबली. माझ्या सैल झालेल्या कॉलरकडे बघत तिने पेन खाली ठेवलं.

"सर, भूक लागते ना पण? जेवावंसं वाटतं ना?"

एवढं साधं विचारायचं असतं. वहीत मी सगळ्या खुणा लिहून घेतल्या होत्या, महिनोन्महिने आत्यासमोर बसलो होतो, आणि हे तिला एकदाही विचारलं नव्हतं.

आत्याबद्दल मी तिला काही बोललो नाही. तसं कबूल केलं होतं.

"लागते," मी म्हणालो. खरंच लागत होती. आत्या गेली त्या दिवशीही लागली होती, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.