तांब्याचा जुना वॉशर

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. बायकोला सांगितलं नाही. आई अंथरुणाला खिळली होती, तिच्या उशाशी तासन्‌तास बसायचो, तिलाही नाही. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. सगळ्यांच्या वतीने एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. आमच्या वाडीत तो मान माझ्याकडे आहे. म्हणजे देवाशी बोलणारा माणूस मी — आणि त्यालाही हे सांगितलेलं नाही.

गॅरेज आहे माझं, मालवणातून धामापूरकडे जाताना. वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची टुरिस्ट गाडी, डिझेलवर चालणारी, जुनी. पाहुण्यांना धामापूरचा तलाव दाखव, कुणकेश्वरला ने, पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या दाखव, यावर त्याचं घर चालायचं. त्याचा धाकटा भाऊ दीना मासेमारीच्या बोटीवर असायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा वसंतानेच त्याला वाढवलेलं. दोघं बोलायचे कमी. पण एकाच्या ताटातला बांगड्याचा तुकडा दुसऱ्याच्या ताटात न विचारता जायचा. हे मी पाहिलंय. मुद्दाम लिहून ठेवतो.

सात वर्षांपूर्वी, महाशिवरात्रीच्या तोंडावर, वसंता गाडी घेऊन आला. चढावर दम लागतो म्हणाला, म्हाताऱ्या रेड्यासारखी थांबते. मी म्हटलं, ठेव, तरणी करून देतो. आणि केली. इंजेक्टर साफ केले, टर्बोचा फुटलेला पाइप बदलला, नवा एअर फिल्टर घातला. आयुष्यभर जाड तेल प्यायलेल्या त्या इंजिनात पहिल्यांदा पातळ सिंथेटिक ऑइल ओतलं. चढावर नेऊन पाहिली तर पाखरासारखी गेली. माझ्याच हाताचं मला कौतुक वाटलं. खोटं कशाला सांगू? फार वाटलं.

आता ती गोष्ट.

इंजिनाच्या तळाला तेल सोडायचा एक बोल्ट असतो. तिथून तेल झिरपू नये म्हणून त्याला तांब्याचा वॉशर, म्हणजे चपटी कडी. तेल बदललं की वॉशर नवा घालायचा, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. माझ्याकडचे संपले होते. कुडाळहून आणायचे तर गाडी दुसऱ्या दिवसावर जाणार, आणि मला तर त्याच संध्याकाळी वसंताचा चेहरा बघायचा होता. जुनाच उलटा करून घातला. कितीतरी गाड्यांना घातला होता तसा, कधी काही झालं नव्हतं. पण त्या गाड्यांत जाड तेल होतं. जाड तेल जुन्या वॉशरला सांभाळून घेतं. पातळ तेल घेत नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं.

गाडी न्यायला दीना आला. मी त्याला सांगितलं, टाकी रिकामी आहे, आता हिला चांगल्यातलं डिझेल भर. तासाभराने तो पंपावरून परतताना मुद्दाम माझ्या दारात थांबला. हसत होता.

"बाबलदा, तू सांगलंस तसा म्हागातला भरलंय. हिका आता शिरा-पुरीच व्हयी, भाकरी चलाची नाय."

तो गेला. गाडी उभी होती तिथे जमिनीवर रुपयाएवढा तेलाचा डाग होता, ओला. मी तो पाहिला. काम करताना सांडलं असेल, असं स्वतःला सांगितलं आणि वर मूठभर रेती टाकली.

दोन दिवसांनी कुणकेश्वरहून येताना, मिठबावच्या पुढच्या चढावर, इंजिन जाम झालं. तेलाचा दिवा लागला तेव्हाच खडखडाट सुरू झाला होता, म्हणाला वसंता. ओढून आणली ती माझ्याच दारात. आणखी कुठे आणणार? मी खाली सरपटलो. बोल्टभोवती सगळं काळं, ओलं. आत तेल जेमतेम वाटीभर. मी गाडीखाली पाठीवर पडून होतो आणि वसंताचे पाय मला दिसत होते. झिजलेल्या चपला. पावलं सारखी हलत होती.

बाहेर आलो. हात पुसले. सावकाश पुसले. आणि म्हणालो की डिझेलात भेसळ आहे. रॉकेल असणार, त्याने तेल पातळ केलं, पिस्टन धरला. इतकं सफाईदार बोललो! खोटं बोलायलाही कारागिरी लागते, ती माझ्याकडे निघाली. मग मी विचारलं —

"भरलेला कोणी?"

एवढंच. दीनाचं नाव मी घेतलं नाही. वर्षानुवर्षं स्वतःला हेच सांगत आलो, मी नाव घेतलं नव्हतं. पण मला उत्तर ठाऊक नव्हतं का? ते ठाऊक होतं म्हणूनच तर विचारलं.

वसंताला वाटलं, दीनाने बोटीवरचं कॅनमधलं घातलं आणि पंपाचे पैसे खिशात टाकले. बंदरावर असं करणारे असतात. दीना पंपावर भरलंय म्हणत राहिला. पावती त्याने घेतलीच नव्हती. भरबाजारात मोठ्या भावाने धाकट्याला चोर म्हटलं. आठ दिवसांत दीना घर सोडून रत्नागिरीच्या एका बोटीवर गेला. इंजिन मीच उघडून नव्याने बांधून दिलं, यावेळी नवा वॉशर घालून. वाडीत माझी वाहवा झाली.

त्या वर्षीच्या गणेशचवथीला वसंताच्या घरी गाऱ्हाणं घालायला मीच उभा होतो. वयनी, म्हणजे वसंताची बायको, हळूच म्हणाली की दीनासाठी दोन शब्द घाला. मी घातले. "बा देवा महाराजा, ह्या घरचो जो कोण रागान भायर पडलो आसात, तेका परत घराक घेवन ये रे महाराजा." सगळे म्हणाले, व्हय महाराजा. वसंताही म्हणाला, खालच्या मानेने. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी दीना खरंच आला; वयनीने मला मागाहून सांगितलं. गणपतीपुढे नारळ ठेवला. वयनीने त्याचं पान मांडलं तसा वसंता उठून मागच्या पडवीत गेला. दीना उभ्या उभ्या पाणी प्यायला आणि निघाला. वाटेत माझ्या गॅरेजपाशी थांबला. मी नुकताच येऊन कुलूप काढत होतो.

"बाबलदा, तू तरी सांग रे दादाक. मी तुका सांगून गेल्लंय ना, खंयचा भरलंय ता?"

मी म्हणालो, "बघतंय."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला माझ्यावर. तो पुन्हा कधी आला नाही.

तीन वर्षांनी बोटीवरच त्याच्या छातीत कळ आली. बंदरात आणेपर्यंत गेला. त्याला आणायला वसंताबरोबर मी गेलो, त्याच गाडीतून. जाताना आम्ही दोघंच. मी बांधलेलं इंजिन, मी घातलेलं तेल. इतकी मऊ चालत होती गाडी की आवाजही नव्हता, ज्याच्या मागे मला लपता येईल. राजापूरच्या पुढे वसंता पहिल्यांदा बोलला. रस्त्यावरची नजर न काढता.

"चुकलो तो. पण माझो भाव होतो रे. मी तेका माफ केलंय."

मी काय म्हणालो असेन?

"बरा केलंस," म्हणालो.

वसंताने गिअर बदलला. मग म्हणाला, तेका जिवंतपणी सांगूक व्हया होता. मी काचेतून बाहेर बघत राहिलो. रत्नागिरी अजून तासाभरावर होती. एक तास कमी नसतो.

वसंता गाडी अजून माझ्याकडेच आणतो. तेल बदलताना बाजूला स्टुलावर बसतो, आणि कधीकधी, कुणी विषय न काढता, भावाच्या चुकीबद्दल बोलतो. मोठ्या मनाने बोलतो. लोक म्हणतात, वसंताचं काळीज मोठं. मी खाली वाकून बोल्ट आवळत असतो.

त्याला सांगायला दोन वाक्यं पुरली असती. त्या दिवशी गाडीखालून निघताना, चवथीला, राजापूरच्या पुढे, कधीही. इथे ती लिहितो.

दीनाने डिझेल पंपावरच भरलं होतं, चांगल्यातलं, मी सांगितलं म्हणून.

वॉशर मी जुना घातला होता.