हात आधी, इमान मागून

“माताजी, ये देखिए! इस में सास-बहू ऐसी दिखेंगी, जैसे आपके सोफे पे आके बैठ गईं,” टीव्हीच्या दुकानात मुन्नालाल शेठ रिमोट नाचवत म्हणाले.

“घरी एक सासू हाय, एक सून हाय. भरपूर झाल्या,” कुसुमबाईनं सांगितलं. “मले इमान उतरवाचं हाय.”

इमान म्हणजे विमान. शेठचा रिमोट हवेतच थांबला.

कुसुमबाई शहारे म्हणजे माझी मावशी. गोंदियाजवळच्या बिरसीची. त्या डिसेंबरात, 2015 साली, ती बावन्न वर्षांची होती. आम्ही सकाळीच मालवाहू ऑटोनं गोंदियात आलो होतो. मागे खोक्यात आठ दिवसांपूर्वी घेतलेला भलामोठा टीव्ही, पायाशी कॉम्प्युटरचा डबा, माझ्या मांडीवर मावशीचा जुना पंधरा इंची मॉनिटर, आणि मावशीच्या कुशीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायची ती दांडी. ऑटोच्या मागोमाग मोटरसायकलवर तिचा मुलगा चंद्रशेखर. चेहरा असा, की आईला नाही, एखाद्या आरोपीला बाजारात घेऊन चाललाय.

बिरसीला विमान शिकायला बाहेरगावची पोरं येतात. त्यांच्यातल्या काहींची मेस मावशीनं सहा वर्षं चालवली. पहाटे पोहे, दुपारी वरण-भात, आणि डोक्यावरून दिवसभर घरघर करत फिरणारी बारकी विमानं. त्या पोरांत रायपूरची एक पोरगी होती, पिंकी. ती दुपारी मेसच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून विमान उतरवायचा खेळ खेळत बसायची. एकदा म्हणाली, “मावशी, बैठो ना. एक बार.”

“हाताले कणीक हाय माह्या.”

“चलता है.”

त्या दांडीच्या खाचांत अजून ती कणीक असेल. पहिल्या दिवशी मावशीनं तीनदा विमान पाडलं आणि चौथ्यांदा पाडायला पुन्हा बसली. दोन वर्षांनी पिंकी शिकून निघाली, तेव्हा सगळा पसारा मावशीच्या ओट्यावर ठेवून म्हणाली, “ये आपका. मैं अब असली उड़ाऊँगी.”

“मंग मी का नकली उडवून राहिली का?” मावशीनं तिला विचारलं होतं.

आणि नकली ते नव्हतंच तिच्यासाठी. वारा कुठून येतो, वेग किती ठेवायचा, चाकं टेकायच्या आधी नाक किती वर धरायचं, सगळं तिला पाठ. खेळात बिरसीची धावपट्टीही होती. एक राखाडी पट्टा आणि भोवती नुसतं हिरवं. “धानाच्या बांध्या कुठी गेल्या? आमचा गाव कुठी गेला?” असं कुरकुरत ती रोज दुपारी भांडी आटोपून तिथेच उतरायची. मोहल्ल्यातल्या बाया चिडवायच्या, “पायलटीनबाई, मले नागपूरले सोडून देता का व?”

“तिकीट काढ, मंग बस,” मावशी मान न वळवता म्हणायची.

मग डोळ्यात मोतीबिंदू आला. ऑपरेशन झालं, पण मॉनिटरवरचे बारके आकडे काही दिसेनात. नाक काचेला लावून विमान कसं उतरणार? म्हणून ठरलं, बैठकीत मोठा टीव्ही घ्यायचा आणि कॉम्प्युटर त्याला जोडायचा. चंद्रशेखर उत्साहानं गोंदियाला गेला आणि दुकानातला सगळ्यात मोठा, सगळ्यात चमचमता टीव्ही घेऊन आला. मोहल्ल्यात खीर वाटली. संध्याकाळी विहारातल्या बाया बैठकीत दाटीवाटीनं बसल्या. कुसुमबाई आज मोठ्या पडद्यावर विमान उतरवणार!

उतरवलं नाही. आपटलं. पुन्हा केलं, पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा तर विमान उड्या मारत पट्टीच्या बाहेर गेलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कोणीतरी म्हणालं, “आता हात थरथरत असन तिचा.” चंद्रशेखरनं लाडानं खांद्यावर हात ठेवला, “आई, वय झालं. राहू दे ना. सीरियल पाहा आता.”

मावशीनं तो हात खांद्यावरून काढून ठेवला, जशी ताटातली माशी काढावी.

“माहे हात बरोबर हायेत. टीव्ही उशिरा दाखवते.”

“टीव्ही उशिरा कसा दाखवेल, आई? नवा आहे!”

“दांडी ओढली, नाक वर येत नाही. मले वाटते कमी ओढली, मी अजून ओढली. मंग दोन्ही ओढणं एकदम येते. इमान उभं होते न पडते. उशीर हाय बाप्पा त्याच्यात.”

कोणाला पटलं नाही. त्यानंतर आठ दिवस घरात एकच वाद. चंद्रशेखरचं म्हणणं, खीर खाल्ली लोकांनी, आता टीव्ही परत नेला तर तोंड कुठे दाखवू? मावशी म्हणाली, “खीर पोटात गेली. टीव्ही दुकानात जाईन.” आठ दिवसांत ती खेळायला एकदाही बसली नाही. पण मी पाहिलं, पाण्याचा ग्लास काठोकाठ भरून हातात धरून ती उभी राहायची, एक थेंब सांडतो का बघत. ‘वय झालं’ हे तिला लागलं होतं. टीव्ही बदलायचा होताच, पण त्याहून मोठी गोष्ट ही होती, की खोटं कोण ठरतं, तिचे हात की टीव्ही.

तर ते सगळं भांडण आता मुन्नालाल शेठच्या काउंटरवर उभं होतं.

“माताजी, पूरे बाज़ार में इससे बढ़िया पिक्चर नहीं,” शेठ म्हणाले. “इसमें क्या खोट?”

“बोलून का होते? दाखवतो ना,” मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “लाव व बाई.”

मी कॉम्प्युटरची एक वायर जुन्या मॉनिटरला लावली, दुसरी त्या मोठ्या टीव्हीला. दोन्हींवर एकच विमान, बिरसीच्या आभाळात. दोन्ही शेजारी शेजारी मांडले.

“शेखर, इथी ये. दोन्हीकडं पाहा. माह्या हाताकडं नको पाहू.”

तिनं दांडी डावीकडे झटकली. बारक्या मॉनिटरवर विमान कललं. मग, अगदी डोळ्याची पापणी लवावी इतक्या वेळानं, मोठ्यावरचं कललं. उजवीकडे. आधी बारकं, मग मोठं. पुन्हा. पुन्हा. आता दुकानातली दोन गिऱ्हाइकंही काउंटरशी आली होती.

“अरे! बडावाला पीछे चलता है,” त्यातला एक म्हणाला.

शेठ खाली वाकले. “मॉनिटर पुराना है, वही जल्दी भागता होगा.”

“म्हातारा झाला म्हणून जोरात पळून राहिला का?” मावशी म्हणाली. गिऱ्हाइकं हसली. चंद्रशेखर हसला नाही. त्यानं स्वतः दांडी हातात घेतली, डावी-उजवी केली, पुन्हा केली. कान लाल झाले त्याचे. पण म्हणाला, “इतक्याशा फरकानं काय होतं, आई?”

“उतरव मंग. मोठ्यावर.”

त्यानं उतरवून पाहिलं. विमान कुठे गेलं ते सांगत नाही, धावपट्टीवर नव्हतं.

मग सुरू झाली निवड. शेठनी मेनू उघडला, खेळासाठीची सेटिंग शोधली. ती लावल्यावर मोठ्याचा उशीर कमी झाला, पण गेला नाही. दुसरा टीव्ही, तिसरा, चौथा. मावशी रंगांकडे बघतच नव्हती. शेठ पोपट दाखवत, धबधबा दाखवत, रसरशीत कापलेली कलिंगडं दाखवत. ती म्हणायची, “मले कलिंगड नाही खाचं. दांडी लाव.” आणि झटका. “उशीर. काढा.” झटका. “हा बी उशिरा. काढा.”

शेवटी कोपऱ्यात, पंख्यांच्या खोक्यांमागे एक बत्तीस इंची निघाला. जाड कडेचा, रंग जरा फिके.

“ये रहने दो, माताजी. दो साल से पड़ा है. कोई नहीं लेता.”

“लावा.”

झटका. दोन्ही विमानं एकत्र कलली. उजवीकडे. एकत्र. आपण बहिणी बहिणी एकाच वेळी मान वळवतो ना, तशी.

“हाच पायजे.”

“आई, बेचाळीस इंची परत करून बत्तीस इंची नेणार? तोही हा?” चंद्रशेखरचा आवाज चढला. “बैठकीत लोक विचारतील!”

“विचारू दे. मी सांगीन. बैठक माही हाय, डोळे माहे हायेत, हात माहे हायेत. लोक का उतरवून राहिले का इमान?”

“पण आकडे दिसतील का तुला?”

मावशी चार पावलं मागे गेली. वेग, उंची, दिशा, तिन्ही आकडे मोठ्यानं वाचले. मग शेठच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, पदर खोचला, दांडी मांडीवर घेतली. मी जुन्या मॉनिटरची वायर काढून टाकली.

विमान बिरसीच्या वर आलं. शेठनी बाकीचे टीव्ही आपणहून मुके केले. मावशीचा हात जेमतेम हलत होता, चुलीवरच्या भाकरीला बोट लावावं तसा. पट्टी जवळ आली. नाक थोडं वर. अजून थोडं. चाकं टेकली. उसळली नाहीत.

विमान धावत राहिलं, धावत राहिलं, आणि पट्टी संपल्यावर जरासं गवतात जाऊन थांबलं.

चंद्रशेखर हळूच म्हणाला, “थोडं बाहेर गेलं.”

“वेग जास्त ठेवला मी,” मावशी म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली. “हे माही चूक हाय, शेखर. टीव्हीची नाही. वयाची बी नाही. आता बांधा याले.”

चंद्रशेखरनं स्वतःच तो टीव्ही उचलून ऑटोपर्यंत नेला.