पिलाचा दात

"काका, साबन हाय?"

गल्लीत शिरताच त्याचा पहिला प्रश्न हा असे. खांद्यावर जाळी, मागे पालिकेची पिंजऱ्याची गाडी. शिरढोणकडचा आगरी माणूस. श्वानपथकात निम्मे आयुष्य गेलेले. मी आमच्या पनवेलच्या वसाहतीचा सचिव, म्हणून साबणाची वडी माझ्या दारातल्या नळावर. तुमच्याही गल्लीत असा कोणी येत असेल. आपण गाडी पाहतो, माणूस पाहत नाही.

कुत्री त्याला ओळखून होती. गाडी वळणावर असतानाच भुंकू लागत. "सोयरी हायेत माजी," तो म्हणे. नसबंदी करून, कानाला खूण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडायचे, हा नियम. "परत कशाला आणलंस?" म्हणून लोक खेकसत. तो पिंजऱ्याचे दार उघडून कुत्रे खाली सोडी.

कुणा पोराला कुत्रे चावले, की मात्र त्याचा आवाज चढे. पोराचा पाय स्वतः नळाखाली धरून तो साबणाने धूत बसे. आई घाई करू लागली, तर म्हणे, "रडू दे त्याला, वयनी. धुतल्याबिगर सुई नाय, नी सुईबिगर घरी नाय."

गेल्या उन्हाळ्यात जिन्याखालची पिले पाहताना एकाने त्याचे बोट दातांत धरले. रक्ताचा ठिपका आला. मी साबण पुढे केला. तो हसला.

"पिलाचा दात तो, काका. दुधाचा."

बोट त्याने विजारीला पुसले. पथकातल्या साऱ्यांचा हाच समज होता: मोठ्या कुत्र्याचा चावा तो चावा. पिलू लहान म्हणून त्याने परत आईजवळ ठेवले. काही दिवसांनी ते मेले. उन्हाने, असे आम्ही ठरवून टाकले.

पावसाळ्यात त्याने मला बोलावून घेतले. इस्पितळाच्या वेगळ्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाहेर कुणी हात धुवायला नळ सोडला. त्या आवाजासरशी त्याचा गळा आवळला, अंग ताठ झाले. झटका ओसरल्यावर तो बोलला.

"त्या पिलाशी कोन कोन पोरां खेलली, काका?"

मी खाटेजवळ सरकलो.

"आठवा. आजच सुया द्या त्यांना. माजं ऱ्हाऊ द्या."

मी दारोदार फिरलो. खेळलेले एकेक पोर शोधून सुईला नेले. सगळ्यांना दिल्या, हे सांगायला संध्याकाळी परतलो, तर त्याची खाट धुऊन बाहेर उभी केलेली होती.

ती मुले धडधाकट आहेत. गाडी अजून येते. नवा माणूस साबण मागत नाही.

वडी नळावर असते. उन्हाने तडकली, की मी नवी ठेवतो.