गंगीच्या नावावर दूध

सोनईजवळच्या एका डेअरीत मंदाताई दरंदले रोज सकाळी दूध मोजून घेत. दूध, पशुखाद्य आणि गुरांचा दवाखाना या तिन्हींची माहिती ऑफिसनं आदल्या दिवशीच एका कॉम्प्युटरवर आणली होती. त्या सकाळी मंदाताईंनी रोज दूध घालणाऱ्या काकासाहेबांचा खाते नंबर टाकला, तर समोर आलं, 'गंगी, गाभण.'

त्या गोंधळल्याच. "काका, तुमचं नाव सांगता?"

"ताई, मला वळखलं न्हाई व्हय?"

ओशाळून त्यांनी ऑफिसला फोन लावला. "दवाखान्यात तो नंबर कुणाच्यातरी गायीचा आहे. दोन्ही एक झालेत. तूर्त तसंच घ्या," उत्तर आलं.

"गायीचंच दूध हाय, लिवा," म्हणत काकासाहेब हसत निघून गेले. मंदाताईंना मात्र हसावं की रडावं कळेना. पुढच्या माणसाला त्यांनी नंबराआधी नावच विचारलं.