शेततळ्यात गेलेली बहीण

मित्रांनो, दर्यापूरच्या बसस्टँडवर बसून लिहितेय. अकोल्याला घरी जायची हिंमत होत नाहीये.

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. सव्वा महिन्याची असताना गेली. बाबा आणि त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे मोठेबाबांनी, तिला शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली पुरलं. आईला जाऊ दिलं नाही. पुढे नापिकीच्या वर्षांत शेत विकलं. बाबाही गेले. आता आई अंथरुणाला खिळलीय आणि एकच म्हणते, "मले तिथली चिमूटभर माती आणून दे."

आज मोठेबाबांना घेऊन गेले. तिथे ना धुरा, ना बाभूळ. शेततळं खोदलंय. नवे मालक कावरेबावरे झाले. "आमाले कोणी सांगतलंच नाही वो ताई. माती तं सारी रस्त्यावर नेऊन टाकली."

मोठेबाबा तळ्याभोवती फिरून आले. "म्या या हातानं ठेवली होती तिले. आता मलेच सापडून नाही राहिली."

आईचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत.

कुठल्याही शेतातली माती रुमालात बांधून नेली तर तिला कळणार नाही. ती छातीशी धरेल, आणि मला ते बघावं लागेल.

तुम्ही काय केलं असतं? सांगा ना. ती वाट बघतेय.